हृदय बदललं की माणूस बदलतो?

इंदूरमध्ये अवयवदानासाठी ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे अवयव वेळेत पोहोचावा म्हणून मोकळा केलेला रस्ता, झाला, की दुसऱ्या दिवशी पोहे-जिलबीच्या गाडीवर हमखास ऐकू येतं, "आता त्याला दात्याच्या आवडीनिवडी लागणार. शाकाहारी माणूस मटण मागेल बघा!" रामबागेतल्या एका काकूंना तर धास्ती होती, की नवं हृदय बसलं की यांची माया आटणार.

माया मेंदूत असते. हृदयाला तिचा पत्ता आपल्या भाषेनेच दिला. व्हिएन्नात हृदय प्रत्यारोपण झालेल्या 47 रुग्णांना नेमकं हेच विचारलं गेलं. 1992 साली छापलेल्या त्या अभ्यासात 79 टक्के म्हणाले, स्वभाव तोच आहे. 15 टक्क्यांना बदल जाणवला, पण तो मरणाच्या दारातून परतल्यामुळे. नव्या हृदयाकडे बोट दाखवणारे फक्त तिघे.

मग चिडचिड, उडालेली झोप? पुष्कळदा ती प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडची करामत असते. शिवाय शस्त्रक्रियेत हृदयाचे मज्जातंतू तुटतात. म्हणून बसल्या जागीही ठोके मिनिटाला 90 ते 110 पडतात, आणि जिना चढताना ते उशिरा वाढतात. धडधड वेगळी वाटते ती खरीच, पण ती कुणाची आठवण नव्हे.

प्रत्यारोपणाआधीची मानसिक तपासणीही वेड शोधायला नसते. औषधं आयुष्यभर वेळेवर घेतली जातील का, दारू-तंबाखू सुटली का, घरी सोबतीला कोण, हे त्यात बघतात. प्रत्यारोपणाच्या यादीतून नाव कटेल या भीतीने लोक उदासी लपवतात. सांगितली, तर तिच्यावर आधीच उपचार सुरू करता येतात.