विकलेला घोडा परत: मुदत, हमी आणि 'साउंड' या शब्दाचा गुंता

खासगी सौद्यात विकलेला घोडा परत घ्या, म्हणून खरेदीदार सहा-आठ महिन्यांनी मागे लागतो, तेव्हा वाद तीन गोष्टींवर येऊन थांबतो. दोष विक्रीच्या दिवशी होता का, विकणाऱ्याला तो ठाऊक होता का, आणि सौदा ठरताना नेमके काय बोलले गेले. या तिन्हींची उत्तरे खरेदीदाराच्या बाजूने आली तरी चौथा प्रश्न उरतो: इतक्या दिवसांनी घोडा परत करता येतो, की फक्त पैशांत भरपाई मागता येते? आजच्या बहुतेक भांडणांचा गाभा हाच आहे आणि त्याला जुना इतिहास आहे.

स्मृतींमध्ये विकत घेतल्यावर होणाऱ्या पश्चात्तापाला 'क्रीतानुशय' असे नाव असून तो वादाचा स्वतंत्र प्रकार मानला आहे. मनुस्मृती सरसकट दहा दिवस देते. याज्ञवल्क्य वस्तूवार मुदती सांगतो: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, दुभत्या जनावराला तीन आणि ओझे वाहणाऱ्या किंवा जुंपायच्या जनावराला पाच. कौटिल्य मात्र रोगट जनावर निरोगी म्हणून विकले असेल तर चतुष्पादांसाठी तीन पक्षांपर्यंत, म्हणजे साधारण दीड महिना, परतीची सोय ठेवतो. कारणही देतो: तेवढ्या काळात खरे-खोटे कळू शकते. दोष उघड व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढी मुदत, हा विचार इतका स्वच्छपणे पुढच्या फार थोड्या कायद्यांत मांडलेला दिसतो.

रोममध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा जाहीरनामा होता. जनावर विकणाऱ्याने त्याचा आजार आणि खोड उघडपणे सांगावी, असे त्यात बजावले होते. दोष निघाला तर सहा महिन्यांत सौदा मोडता येई, किंवा वर्षभरात किमतीतला फरक मागता येई. विक्रीसाठी सजवून उभे केलेले जनावर त्याच साजासकट द्यावे लागे आणि त्यासाठी साठ दिवसांची वेगळी मुदत होती. परतफेड आणि किंमतकपात या दोन वेगळ्या वाटा तिथपासून आल्या.

घोड्यांच्या सौद्यांवर सर्वांत जास्त शाई खर्च झाली ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये. तिथे तोंडी का होईना, स्पष्ट हमी दिलेली असेल तरच खरेदीदाराला आधार मिळे. 1788 सालच्या एका निकालात हमी देऊन विकलेली घोडी दोषी निघाली. खरेदीदाराने ते लवकर ओळखले, तरी काही महिने तिला ठेवून औषधपाणी केले आणि विकणाऱ्याला कळवलेही नाही. न्यायालय म्हणाले, हमी दिली त्या दिवशीच ती खोटी होती, तेव्हा भरपाई मागण्यासाठी जनावर परत करण्याची गरजच नाही. उशिरा जागे झालेल्या खरेदीदारांना हा निकाल सोयीचा वाटतो. पण तो भरपाईविषयी आहे, परतीविषयी नाही, आणि हा फरक आजही अनेकांच्या लक्षात येत नाही.

हमी असे ती घोडा 'साउंड', म्हणजे ढोबळमानाने धडधाकट, असल्याची. या एका शब्दाने न्यायालयांना अर्धशतक दमवले. निरोगी म्हणावे तर पायातली जुनी दुखापत त्यात बसत नाही. निर्दोष म्हणावे तर वाईट सवयीही आत येतात. धावताना घशातून घरघर करणारा घोडा 1810 मध्ये अनसाउंड ठरला नाही; आवाजामागे रोग आहे हे सिद्ध करा, असे खरेदीदाराला सांगितले गेले. 1817 मध्ये, अवघ्या सात वर्षांनी, तशीच घरघर दोष ठरली. गव्हाणीचे लाकूड दातांत धरून हवा गिळण्याची सवय तर आजार मानायची की खोड, हेच ठरेना. 1817 मध्ये ती अनसाउंड मानली गेली नाही. 1839 मध्ये 'खोड नाही' अशा हमीचा मात्र तिने भंग होतो, असे ठरले.

अखेर 1842 मध्ये व्याख्या स्थिरावली. विक्रीच्या वेळी जनावराला असा काही रोग असेल, ज्याने त्याची कामाची नैसर्गिक क्षमता त्या वेळी कमी झाली आहे किंवा रोग नेहमीच्या गतीने वाढत गेल्यावर कमी होईल, किंवा अपघाताने शरीरात तसाच परिणाम करणारा बदल झाला असेल, तर ते अनसाउंड. पुढे घोड्यांच्या प्रत्येक दाव्यात उद्धृत झालेली ही व्याख्या बैलांच्या खटल्यात सांगितली गेली होती. तिचे बळ 'वाढत गेल्यावर' या भागात आहे. लक्षण आज नाही, पण बीज विक्रीच्या दिवशी होते, असा दावा त्यामुळे शक्य झाला. महिनोन्‌महिन्यांनी येणाऱ्या तक्रारी आजही याच धाग्यावर उभ्या असतात.

सर्वांत वादग्रस्त निकाल 1831 चा. एका माणसाने हमीसकट घोडा घेतला आणि लगेच नफ्याने पुढे विकला. दुसऱ्याने तो तिसऱ्याला अदलाबदलीत दिला आणि तिसऱ्याकडून पहिल्यानेच तो कमी किमतीत पुन्हा विकत घेतला. तेव्हा कळले की घोडा मूळ विक्रीच्या दिवसापासूनच दोषी होता. त्याने तो मूळ मालकाकडे नेला. मालकाने नकार देऊन किमतीसाठी दावा लावला. न्यायालयाने ठरवले की मालकी एकदा खरेदीदाराकडे गेली की केवळ हमी मोडली म्हणून घोडा परत लादता येणार नाही. त्यासाठी करारात परतीची अट हवी, किंवा फसवणूक. एरवी किंमत कमी करून घ्यावी, घोडा ठेवावा.

टीकाकारांच्या मते यात मालकी हस्तांतराच्या तांत्रिक क्षणाला नको तेवढे वजन मिळाले. पाहून, निवडून घेतलेल्या घोड्याची मालकी सौदा ठरताच बदलते. मग दोष तपासायला खरेदीदाराला एक दिवसही उरत नाही. ही टीका रास्त आहे. तरी निकालामागची चिंता मला महत्त्वाची वाटते. मधल्या काळात घोड्याचे काय झाले, कोणी किती पिटाळले, काय खाऊ घातले, हे विकणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो, आणि परत येणारा घोडा तोच असतो असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हा नियम 1893 च्या इंग्रजी मालविक्री कायद्यात शिरला, आणि तिथून भारताच्या 1930 च्या कायद्यात कलम 13 मध्ये आला: विशिष्ट वस्तूची मालकी गेली असेल तर अट मोडली तरी ती फक्त हमीभंग समजावी, म्हणजे भरपाई मिळेल, माल परत करता येणार नाही. भारताने 1963 च्या दुरुस्तीने हे शब्द काढून टाकले. इंग्लंडने तेच 1967 मध्ये केले, म्हणजे चार वर्षांनी. तेव्हापासून प्रश्न 'मालकी गेली का' असा न राहता 'माल स्वीकारला का' असा झाला, आणि वाजवी काळ न बोलता ठेवून घेणे हाही स्वीकारच.

विकणाऱ्याच्या मौनाबद्दल 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 17 मधली उदाहरणे अजून वाचण्यासारखी आहेत. लिलावात दोषी घोडा विकताना मालक गप्प राहिला, तर ती फसवणूक नाही. पण खरेदीदार म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा ठीक आहे असे मी धरून चालतो', आणि मालक तरीही गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच. एवढ्या छोट्या फरकावर संपूर्ण सौदा उभा राहतो किंवा पडतो.

युरोपच्या मुख्य भूमीवर दुसरा मार्ग निवडला गेला: मोजक्या दोषांची यादी आणि मोजके दिवस. फ्रान्सने 1838 मध्ये बहुतेक दोषांना नऊ दिवस आणि पुन्हापुन्हा उलटणारा डोळ्यांचा दाह व अपस्मार यांना तीस दिवस दिले. 1884 मध्ये तो कायदा नव्याने बांधला गेला. जर्मनीच्या 1899 च्या यादीत घोड्यांचे सहा दोष होते, मुदत चौदा दिवस. यादीबाहेरच्या दोषाला, वेगळी हमी घेतलेली नसेल तर, दादच नव्हती. कठोर, पण सर्वांना कळणारी पद्धत.

1 जानेवारी 2002 रोजी जर्मनीने ही यादी रद्द करून घोड्याला सामान्य विक्रीच्या नियमांखाली आणले. परिणाम मोठा झाला. व्यावसायिकाकडून ग्राहकाने घेतलेल्या मालात सहा महिन्यांत दोष दिसला तर तो आधीपासूनच होता असे गृहीत धरले जाते; हे गृहीतक जनावरांनाही लागू आहे, असे 2006 मध्ये ठरले. वाद कीटकांच्या चाव्याने उठणाऱ्या त्वचेच्या ॲलर्जीचा होता, जी थंडीत घेतलेल्या घोड्यात दिसतच नाही. मग एक्स-रेवरून भांडणे सुरू झाली. व्यवस्थित चालणाऱ्या घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची टोके चित्रात जवळ दिसतात, म्हणून तो परत घ्यायचा का? 2007 मध्ये उत्तर आले: नाही. घोडा जिवंत प्राणी आहे, आदर्श आकृतीपासून थोडे वेगळेपण त्यात असणारच. पुढे कधीतरी त्रास होईल ही नुसती शक्यता दोष ठरत नाही. हा निकाल मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत समंजस वाटतो.

यानंतर कायदे थोडे मागे सरकले. 2019 च्या युरोपीय संघाच्या निर्देशाने सदस्य देशांना जिवंत जनावरे ग्राहकहमीच्या नियमांतून वगळण्याची मुभा दिली. 2022 पासून फ्रान्सने पाळीव जनावरांना ग्राहकहमीच्या सामान्य नियमांतून बाहेर काढले. जर्मनीने इतर वस्तूंसाठी गृहीतकाचा काळ एक वर्ष केला, जनावरांसाठी मात्र सहाच महिने ठेवला.

खासगी विकणाऱ्याला यातले बरेच लागू होत नाही. घोडे शिकवणाऱ्या आणि रपेट शिकवणाऱ्या एका व्यावसायिकाने स्वतःच्या हौसेसाठी ठेवलेला घोडा विकला, तेव्हा तो त्या सौद्यापुरता व्यापारी नाही, असे 2017 मध्ये जर्मनीत ठरले. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक कायद्यातली तीस दिवसांची परतीची मुभा फक्त व्यापाऱ्याविरुद्ध आहे. खासगी सौद्यात उरते ते वर्णन. 'नवशिक्याला चालेल', 'रहदारीला बिचकत नाही', 'कधी लंगडला नाही' ही जाहिरातीतली वाक्ये तिथे हमीची जागा घेतात, आणि वर्णन खोटे निघाले तर खासगी विकणाराही सुटत नाही.

वर्णन चुकीचे असले तरी वेळ आड येतो. 1950 मध्ये इंग्लंडमध्ये एका चित्राबाबत, विकणाऱ्याने प्रामाणिक समजुतीने चुकीचे सांगितले असताना, पाच वर्षांनंतर सौदा मोडू दिला नाही. चित्र पाच वर्षे भिंतीवर जसेच्या तसे राहते. घोड्याचे तसे नसते. अमेरिकेच्या एकरूप व्यापारी संहितेत म्हणूनच स्वीकार मागे घेण्यासाठी वाजवी काळाबरोबर आणखी एक अट आहे: मालाच्या स्वतःच्या दोषाखेरीज इतर कारणाने त्याच्या स्थितीत मोठा बदल होण्याआधी कळवले पाहिजे. आठ महिने चुकीच्या खोगिराखाली राबलेला, चुकीची नालबंदी झालेला किंवा नुसता उभा राहून अंग सुटलेला घोडा या अटीत अडकतो.

करारातच परतीची मुदत लिहिली असेल तर जोखीमही वाटली जाते. 1871 मध्ये बुधवार संध्याकाळपर्यंत परत करण्याची मुभा असलेला घोडा मधल्या काळात खरेदीदाराची चूक नसताना जखमी झाला. वर्णन खोटे होते, म्हणून तो तसाच परत घ्यावा लागला. 1880 मध्ये आठ दिवसांच्या चाचणीवर दिलेला घोडा तिसऱ्या दिवशी मेला. नुकसान विकणाऱ्याने सोसले. आता खरेदीपूर्व तपासणीत पशुवैद्य रक्ताचा नमुना घेऊन ठेवतात, ब्रिटनमध्ये साधारण सहा महिने. घोडा दाखवताना त्याला वेदनाशामक किंवा गुंगीचे औषध दिले होते का, हे त्या बाटलीतून कळते. त्यानंतर तक्रार आली तर तो पुरावा उरलेला नसतो.