वासराच्या बापाचं नाव

१९४०च्या दशकातली गोष्ट. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एका पशुपालकाची गर्न्सी जातीची गाय माजावर आली. त्यानं तिला गर्न्सी वळू दाखवला. त्याच दिवशी एक हेरफर्ड वळूही तिच्यापर्यंत पोचला आणि त्यानंही संधी सोडली नाही. दिवस भरल्यावर गायीला जुळं झालं. एक कालवड, अगदी गर्न्सीच्या वळणाची, आणि एक गोऱ्हा, पांढऱ्या तोंडाचा. पांढरं तोंड म्हणजे हेरफर्डची सहीच. आई एक, वेत एक, बाप दोन.

आपल्याकडे पारावर हा विषय आठवडाभर पुरला असता आणि मग विरून गेला असता. ही हकीकत मात्र पत्रानं विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत पोचली. तिथे गायींच्या रक्तगटांचा अभ्यास चाले. वंशनोंदणी करणाऱ्या ब्रीड सोसायट्यांना ‘या वासराचा बाप खरंच हाच का’ हे रक्त तपासून सांगणं, हाही त्या कामाचा भाग होता. रे ओवेन नावाच्या तरुण शास्त्रज्ञानं त्या जुळ्याचं रक्त तपासायला घेतलं आणि त्यात जे निघालं त्याचा धागा पुढे नोबेल पारितोषिकापर्यंत गेला. तिथे येऊच. आधी, गायीच्या लेकराच्या बापाची एवढी उठाठेव कोणाला आणि कशासाठी, हे पाहू. त्यासाठी दोनशे वर्षं मागे जावं लागेल.

इंग्लंडच्या उत्तरेला, टीस नदीच्या खोऱ्यात, चार्ल्स आणि रॉबर्ट कॉलिंग हे दोघे भाऊ शॉर्टहॉर्न, म्हणजे आखूड शिंगांची गुरं पाळत. चार्ल्सच्या गोठ्यात १८०४ साली कॉमेट नावाचा वळू जन्मला. १८१० साली चार्ल्सनं आपली जनावरं लिलावात काढली, तेव्हा या एकट्या वळूला हजार गिनी आले. तोवर कुठल्याच वळूला एवढी किंमत आली नव्हती. पाठ, कास, रंग यांच्या जोडीला आता बाजारात कुळीही विकली जाऊ लागली होती. आणि कुळीला पैसा मिळू लागला की कुळी रचून सांगणारेही निघतात. लग्नं जमवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

जॉर्ज कोट्स नावाचा एक पशुपालक मग घोड्यावर बसून गोठ्यागोठ्यांतून फिरला, म्हाताऱ्या गड्यामाणसांना विचारत, जुनी टिपणं चाळत. १८२२ साली त्यानं शॉर्टहॉर्नची वंशनोंदवही छापली. शर्यतीच्या घोड्यांची अशी वही त्याआधी, १७९१ सालीच निघाली होती. पण गायीगुरांची जगातली पहिली वही ही. त्यात वळू वर्णानुक्रमानं लावले आणि त्यांना क्रमांक दिले : कॉमेट १५५, त्याचा बाप फेव्हरिट २५२, हबॅक ३१९. त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय गाव-आडनाव ऐकून जुनी वही काढतात आणि आपल्या पणजोबांचं नाव दाखवतात. कोट्सचं काम त्याच जातकुळीचं, फक्त यजमान चार पायांचे.

अशा वहीचा नियम साधा असतो. आई आणि बाप दोघं वहीत असतील तर लेकरू वहीत. बाहेरच्यांसाठी अनेक ठिकाणी एक मागचं दार ठेवलेलं असतं. गावठी गायीला नोंदलेला वळू दाखवला की कालवडीत निम्मा वाटा नोंदलेल्या जातीचा. तिलाही तसाच वळू दाखवला की ७५ टक्के, मग ८७.५, मग ९३.७५. बऱ्याच सोसायट्या चौथ्या-पाचव्या पिढीला ‘आता शुद्ध’ म्हणतात. उरलेले सहा टक्के कुठे जातात? कुठेही नाही. ते असतातच, वही त्यांच्याकडे काणाडोळा करते. खुद्द चार्ल्स कॉलिंगनंही स्कॉटलंडच्या बिनशिंगी गॅलोवे गायीचं रक्त आपल्या एका घराण्यात मिसळलं होतं. विरोधकांनी त्या घराण्याला ‘भेसळ’ म्हणून हिणवलं. १८१०च्या लिलावात त्या ‘भेसळी’लाही झकास भाव आला. ‘शुद्ध’ या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही तो अशा गोष्टींमुळे. शुद्ध म्हणजे इतकंच, की एका ठरावीक तारखेनंतरचे सगळे पूर्वज लिहून ठेवलेले आहेत.

पण लिहून ठेवलेले आहेत, हीच गोष्ट शंभर वर्षांनी सोन्याच्या मोलाची ठरली. अमेरिकेच्या कृषी खात्यात स्यूअल राइट नावाचे शास्त्रज्ञ गिनीपिगांवर काम करत होते. जवळच्या नात्यात संकर केला की पिल्लं अशक्त होतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ‘जवळचं नातं’ म्हणजे किती जवळचं, याचं माप कोणाकडे नव्हतं. राइट यांनी ते १९२२ साली दिलं. त्याला आपण अंतःप्रजनन गुणांक म्हणू. कल्पना अशी : प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. आई-बाप नात्यातले असतील तर या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीच्या नकला असण्याची शक्यता निर्माण होते. ती शक्यता म्हणजे हा गुणांक. वंशावळीत आईकडून त्या पूर्वजापर्यंत चढायचं, तिथून बापाकडे उतरायचं, आणि दर पायरीला निम्मं करत जायचं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं, त्या जोडप्याच्या मुलाचा गुणांक ६.२५ टक्के. सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या संकरात तो २५.

आता कॉमेटकडे वळू. त्याचा बाप फेव्हरिट. त्याच्या आईचा बापही फेव्हरिटच. आणि त्या आईची आई कोण, तर फिनिक्स, म्हणजे फेव्हरिटची स्वतःची जन्मदाती. कॉमेटच्या दोन्ही आज्या मिळून गाय एकच. वर फेव्हरिटचे आई-बापही एकमेकांच्या नात्यातले. राइट यांच्या हिशेबानं कॉमेटचा गुणांक येतो ४७.१ टक्के. हजार गिनींचा वळू! राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यानं पुढे १९२०च्या सुमाराची शॉर्टहॉर्न जनावरं घेऊन कोट्सच्या वहीपर्यंत मागे जात हिशेब मांडला, तेव्हा सव्वाशे वर्षांपूर्वीच्या फेव्हरिटशी त्या साऱ्या जातीचं नातं अर्ध्याहून जास्त भरलं. बापाशी लेकराचं असतं तेवढं, किंबहुना थोडं वरच. एक वळू मेल्यानंतर शंभर वर्षं पूर्ण जातीचा बाप होऊन राहिला होता, आणि हे कळलं ते कोट्सनं घोड्यावरून केलेल्या कारकुनीमुळे. राइट यांचं ते सूत्र आज माणसांच्या आनुवंशिक आजारांपासून वाघांच्या संवर्धनापर्यंत सगळीकडे वापरतात.

वहीची खरी डोकेदुखी मात्र गणिताची नसते, खोटेपणाची आणि विसराळूपणाची असते. वासरू हेच ते, हे कशावरून? होल्स्टीन जातीच्या गायींच्या नोंदपत्रावर गायीची कोरी आकृती छापलेली असे आणि मालकानं त्यावर काळेपांढरे ठिपके हातानं रेखाटायचे, कारण दोन होल्स्टीनचे ठिपके कधी सारखे नसतात. एकरंगी गायींचं काय? त्यांच्या ओल्या नाकाडावरच्या रेघांचा ठसा शाई लावून घेत. आपल्या अंगठ्यासारखाच तोही एकमेव असतो. यानं जनावर पटतं, बाप पटत नाही. बापासाठी रक्तगट आले. वासराच्या रक्तात जी खूण आहे ती आईत किंवा बापात असलीच पाहिजे. आईत नाही, सांगितलेल्या बापातही नाही, म्हणजे सांगितलेला बाप खोटा. ही पद्धत ‘हाच बाप’ असं छातीठोक सांगू शकत नसे, ‘हा नव्हे’ एवढं मात्र ठाम सांगे.

तर मेरीलँडचं ते जुळं. ओवेन यांची अपेक्षा सरळ होती : बाप वेगळे, तर रक्तही वेगळं निघेल. निघालं भलतंच. दोन्ही वासरांच्या रक्तात दोन्ही वळूंच्या खुणा होत्या. नीट तपासल्यावर दिसलं की प्रत्येक वासराच्या अंगात तांबड्या पेशी दोन प्रकारच्या आहेत, काही स्वतःच्या, काही भावंडाच्या.

याचं अर्धं उत्तर शिकागोच्या फ्रँक लिली यांनी १९१६ सालीच देऊन ठेवलं होतं, वेगळ्याच प्रश्नाला. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड दहात नऊ वेळा वांझ निघते, हे गुराख्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. लिली यांनी दाखवलं की गायीच्या गर्भाशयात जुळ्यांच्या रक्तवाहिन्या एकमेकांना जुळतात आणि गोऱ्ह्याकडून येणारी रसायनं कालवडीची वाढ बिघडवतात. नोंदणी अर्जात ‘जुळं आहे का’ हा रकाना असतो तो यासाठीच. ओवेन यांच्या लक्षात आलं की त्या वाटेनं रसायनंच नव्हे, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशीही एकीकडून दुसरीकडे जाऊन कायमचा मुक्काम करतात. आणि शरीर त्यांना परकं मानत नाही! एरवी दुसऱ्याची पेशी दिसली की तुटून पडणारी प्रतिकारशक्ती इथे गप्प का? कारण ती स्वतः घडत असतानाच त्या पेशी घरात वावरत होत्या. लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेला माणूस घरचाच वाटतो, तसं.

१९४५ साली ओवेन यांचा शोधलेख आला. ऑस्ट्रेलियाच्या मॅकफर्लेन बर्नेट यांनी त्यावर सिद्धान्त उभारला. ब्रिटनचे पीटर मेडावर गायींच्या जुळ्यांवर त्वचारोपणाचे प्रयोग करत होते. भिन्न जुळंही एकमेकांची कातडी सुखानं स्वीकारतं, हे पाहून ते चक्रावले आणि ओवेन यांच्या लेखापाशी पोचले. पुढे उंदरांवर त्यांनी ही ‘शिकवलेली सहनशीलता’ सिद्ध केली. १९६० साली बर्नेट आणि मेडावर यांना नोबेल मिळालं. त्यात ओवेन यांचं नाव असायला हवं होतं असं मला वाटतं, आणि असं वाटणारा मी एकटा नाही.

रक्तगटांची जागा आता डीएनएनं घेतली आहे. वासराच्या कानाचा कणभर तुकडा किंवा शेपटीचे मुळासकट उपटलेले केस पुरतात. बाप तपासायलाच नव्हे, कोणता वळू किती दूध देणाऱ्या लेकी देईल याचा अंदाज बांधायलाही होल्स्टीनचे हजारो नमुने वाचले जाऊ लागले. त्या ढिगात मेरीलँडमधल्याच बेल्ट्सव्हिलच्या सरकारी केंद्रात पॉल व्हॅनरॅडन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली एक वेगळाच प्रश्न विचारला : काय दिसत नाही? गुणसूत्राचा एखादा तुकडा बऱ्याच जनावरांत एकेरी आढळत असेल, तर काही जनावरांत तो आईकडून आणि बापाकडून, असा दुहेरी यायलाच हवा. काही तुकड्यांच्या बाबतीत दुहेरी जनावर एकही नव्हतं. म्हणजे अशी वासरं पोटातच संपत होती.

त्यातला एक तुकडा वहीच्या आधारे मागे मागे नेला, तर तो थांबला चीफ नावाच्या एका वळूपाशी. १९६२ साली नेब्रास्कात जन्मलेला हा वळू. लेकी सुमारे १६ हजार, नाती पाच लाख. होल्स्टीन जातीच्या जनुकसंपदेत त्याचा वाटा जवळजवळ १४ टक्के. त्याच्या एका जनुकात एका अक्षराची चूक होती, आणि ती दुहेरी आली की गर्भ वाढत नाही. मालकाला दिसतं इतकंच, की गाय उलटली. गाभण ठरलेली गाय पुन्हा माजावर का येते, याला हवा, चारा, डॉक्टर असा ज्याला त्याला दोष दिला गेला. जगभरात पाच लाखांहून जास्त गर्भ आणि सुमारे ४२ कोटी डॉलर, असा त्या एका अक्षराचा हिशेब संशोधकांनी मांडला आहे. त्याच हिशेबात हेही येतं की चीफच्या वंशानं वाढवलेलं दूध याच्या कितीतरी पट मोलाचं होतं. त्यामुळे त्याला खलनायक ठरवता येत नाही. आता वीर्यकेंद्रं तपासणी करतात आणि वाहक वळू वाहक गायीला दाखवायचा नाही, एवढं पथ्य पुरतं.

होल्स्टीन म्हणजे आपली ‘एचएफ’. बारामतीपासून कोल्हापूरपर्यंत संकरित गोठ्यांत तिचंच रक्त आहे, म्हणून ही गोष्ट परदेशातली असूनही परकी नाही. आपल्या देशी जातींचं काय? खिलार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ, कोकण कपिला यांची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत आहे. पण ती जातीची नोंद, एकेका गायीची नव्हे. गायीगायीची नोंद पाहायची तर ब्राझीलला जावं लागतं. उबेराबा शहरात तिथल्या झेबू, म्हणजे वशिंडाच्या गुरांच्या, पैदासकारांची संघटना आहे. गीर, कांकरेज आणि नेल्लोरकडून गेलेली ओंगोल यांच्या वंशावळी तिथे पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्या जातात. जन्माची नोंद वेगळी, आणि मोठं झाल्यावर तपासनीस अंगलट पाहून देतो ती पक्की नोंद वेगळी. भावनगरच्या महाराजांच्या गोठ्यातून गेलेल्या कृष्ण नावाच्या गीर वळूचे वंशज तिथे अजून नावानिशी मोजता येतात. त्याच ब्राझीलमधून गीरच्या वीर्याच्या कांड्या आपण परत विकत आणल्या. काठेवाडात गीर गायी कमी नव्हत्या. कोणत्या वळूच्या लेकी किती दूध देतात, हे लिहिलेला कागद कमी होता.

आपल्याकडेही आता गायीच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला असतो, आणि रेतन केलं की वळूचा क्रमांक मोबाइलवर चढवायचा असतो. तो क्रमांक कांडीवर छापलेलाच असतो. गाय भरवून झाली की कांडी बहुधा गव्हाणीखाली पडते. माणदेशातल्या एका गोठ्यात मी मालकांना विचारलं, ही कालवड छान आहे, बाप कोण हिचा?

“डॉक्टर,” ते म्हणाले, आणि स्वतःच खो खो हसले. मग कालवडीचा कान धरून बिल्ला माझ्याकडे वळवला. “ह्यात आसंल बगा.”