डिफ लॉकचा दिवा लुकलुकतो म्हणजे डिफरन्शियल गेलं?

डिफरन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी; डिफ लॉक ती बांधून दोन्ही चाकं एकत्र फिरवतो. जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: बटण दाबल्यावर डिफ लॉकचा दिवा नुसता लुकलुकत राहिला, की डिफरन्शियल खोलायलाच हवं. हे खरं नाही. बऱ्याच गाड्यांत लुकलुकणारा दिवा एवढंच सांगतो, की लॉकचे आतले दाते अजून एकमेकांत बसलेले नाहीत. उभ्या गाडीत ते समोरासमोर येतीलच असं नाही. मोकळ्या मातीवर गाडी अगदी हळू पुढे घ्या, स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे फिरवा. पुष्कळदा ‘खट्’ होऊन दिवा स्थिर होतो.

तरीही नाही झाला, तर आधी फ्यूज आणि वायरिंग बघा. इलेक्ट्रिक लॉकची मोटर पाणी-चिखलाने गंजून जाम होते, हवेच्या दाबावर चालणाऱ्या एअर लॉकची नळी गळते. दिव्याचा स्विचही खोटं बोलतो, म्हणून खात्री हातानेच करावी. गाडी सरकू नये म्हणून पुढच्या चाकांना पाचर लावा, मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घ्या, इंजिन बंद, मॅन्युअल गाडी गिअरमध्ये. लॉक सुटलेला असताना एक चाक फिरवलं की दुसरं उलट फिरतं. लॉक बसला की कुठलंच हलत नाही. एवढं तपासल्याशिवाय कुणालाही डिफरन्शियल उघडू देऊ नका, कळकळीने सांगतो.