तुमच्या लॅपटॉपवर आम्ही मॅकओएस का टाकून देत नाही

नमस्कार मंडळी. "माझ्या डेलवर मॅकओएस (म्हणजे मॅक कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून द्या ना, काय होतील ते पैसे घ्या" असं आमच्याकडे वरचेवर विचारलं जातं, जास्त करून व्हिडिओ एडिटिंग शिकणारी मुलं विचारतात कारण फायनल कट हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालत नाही. आम्ही नाही म्हटलं की लोकांना वाटतं यांना येत नाही किंवा टाळतायत, म्हणून एकदा नीट सांगतो.

विंडोज कसं, मायक्रोसॉफ्ट लायसन्स विकते, लॅपटॉप एचपीचा असो नाहीतर लेनोवोचा, विंडोज टाकून आला की तिचे पैसे तिला मिळतातच. अ‍ॅपलची कमाई मशीनवर आहे, आणि लोक ते महागाचं मशीन घेतात त्याचं मोठं कारण आतलं सॉफ्टवेअर. तेच सुटं मिळायला लागलं तर मॅकबुकला एवढे पैसे कोण घालेल?

आणि हे त्यांनी एकदा करून बघितलंय बरं का, बऱ्याच जणांना माहीतच नसतं. 1995 च्या सुमारास अ‍ॅपलने दुसऱ्या कंपन्यांना मॅकची ओएस वापरायचं लायसन्स दिलं, पॉवर कम्प्युटिंग, युमॅक्स, मोटोरोला वगैरे. कल्पना अशी होती की विंडोजची गिऱ्हाइकं मॅककडे वळतील. झालं काय, तर या कंपन्यांनी अ‍ॅपलचीच गिऱ्हाइकं ओढली, कारण पॉवर कम्प्युटिंगचं मशीन स्वस्त आणि कधीकधी अ‍ॅपलपेक्षा फास्टसुद्धा. लायसन्सचे जे काही मिळत होते त्यात गेलेल्या मशीनचा नफा कुठून भरून निघणार. 1997 मध्ये स्टीव्ह जॉब्स परत आले आणि हे सगळं बंद केलं. जुनी लायसन्स सिस्टिम 7 पुरती होती, म्हणून नवीन व्हर्जनला मॅक ओएस 8 नाव दिलं आणि विषय संपवला, पॉवर कम्प्युटिंगचा मॅकचा धंदा तर 10 कोटी डॉलरला विकतच घेतला.

नंतर मॅकओएसच्या डीव्हीडी दुकानात मिळायच्या, आधी 129 डॉलर, मग 2009 ला स्नो लेपर्ड नावाचं व्हर्जन 29 ला. पण त्या ज्याच्याकडे मॅक आहे त्याच्यासाठीच, अ‍ॅपलच्याच मशीनवर टाकायची अशी अट लायसन्समध्ये असायची आणि आजही आहे. 2013 पासून तर नवीन व्हर्जन फुकटच, म्हणजे किंमत मशीनमध्येच आली. अमेरिकेत सायस्टार नावाच्या कंपनीने साध्या पीसीवर मॅकची ओएस टाकून विकायला सुरुवात केली होती, 2009 मध्ये कोर्टाने निकाल अ‍ॅपलच्या बाजूने दिला आणि 2011 ला अपिलातही तोच राहिला. आम्ही पैसे घेऊन तुम्हाला तेच करून द्यायचं का? नाही देणार.

दुसरं म्हणजे त्रास तुम्हालाच होतो. हॅकिंटॉश केलेले, म्हणजे साध्या पीसीवर मॅकओएस टाकलेले लॅपटॉप आमच्याकडे येतात ना, झाकण लावलं की परत चालूच होत नाहीत, वायफाय दिसत नाही, एनव्हिडियाचं नवीन कार्ड असेल तर त्याला ड्रायव्हरच नाही, आणि एखादं अपडेट दाबलं की सकाळी मशीन बूटच होत नाही, कामाची डेडलाइन डोक्यावर असताना. आता तर 2025 चं मॅकओएस टाहो हे इंटेलच्या चिपवर चालणारं शेवटचं व्हर्जन असं अ‍ॅपलनेच सांगितलंय, पुढची सगळी त्यांच्या स्वतःच्या चिपवर, त्यामुळे हा रस्ता तसाही बंद होतोय.

एडिटिंगच शिकायचं असेल तर दाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन विंडोजवर मस्त चालतं, रॅम आणि एसएसडी वाढवून घ्या, फरक लगेच कळेल. मॅकच पाहिजे असेल तर एम1 (त्यांची स्वतःची चिप) किंवा त्यापुढचा सेकंडहँड बघा, इंटेलवाला कितीही स्वस्त मिळाला तरी आता नको. घेताना विकणाऱ्याला तुमच्यासमोर आयक्लाउडमधून साइन आउट करून फाइंड माय बंद करायला लावा, नाहीतर अ‍ॅक्टिव्हेशन लॉक (जुन्या मालकाच्या पासवर्डशिवाय उघडत नाही ते कुलूप) लागलेलं मशीन गळ्यात पडतं आणि ते आम्हालाही उघडता येत नाही. शंका असेल तर पैसे द्यायच्या आधी मशीन आणि विकणारा दोघांना इकडे घेऊन या, आम्ही बघून देतो, त्याचे पैसे घेत नाही.