अनोळखी सर्व्हरवरचं पॅकेज अस्सल कसं ठरतं?

"फुकटचं सॉफ्टवेअर, तेही कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरवरून? नको रे बाबा!" लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीचं नाव काढलं की हे हमखास ऐकू येतं. शंका रास्त आहे, पण सर्व्हर ओळखीचा असण्यावर इथे काहीच अवलंबून नसतं.

लिनक्सची एक आवृत्ती बनवणारा, १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेला डेबियन प्रकल्प आजही स्वयंसेवक चालवतात. त्याच्या भांडारातल्या हजारो पॅकेजेसच्या (संगणकावर बसवायला तयार बांधलेल्या सॉफ्टवेअरच्या) प्रती, म्हणजे मिरर, जगभरातल्या संस्था आपापल्या सर्व्हरवर ठेवतात. त्या मिररवर विश्वास ठेवायची वेळच येऊ नये, अशी विलक्षण सुंदर रचना यामागे आहे.

प्रत्येक पॅकेजचा एसएचए-२५६ या पद्धतीने हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने निघणारा ठसा, काढतात. फाइल केवढीही असो, उत्तर २५६ बिटांचंच येतं. फाइलमधला एक बिट बदलला तरी हॅश पार बदलतो, आणि तोच हॅश देणारी दुसरी फाइल मुद्दाम घडवणं आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे. हे सगळे हॅश 'पॅकेजेस' नावाच्या यादीत जातात, त्या यादीचा हॅश 'रिलीज' नावाच्या छोट्या फाइलमध्ये जातो, आणि प्रकल्पाच्या गुप्त किल्लीने सही होते ती फक्त या फाइलवर. तिच्या जोडीची जाहीर किल्ली, जिने सही तपासता येते पण करता येत नाही, तुमच्या संगणकात आधीच असते. पॅकेज उतरवून बसवणारा ॲप्ट हा प्रोग्राम आधी सही तपासतो, मग यादी, मग पॅकेज. एका सहीवर हजारो फाइलींची खात्री पटते!

लबाड मिररला तरी एक वाट उरते: खरी सही असलेली जुनी 'रिलीज' फाइलच देत राहायची, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या तुमच्यापर्यंत पोचणार नाहीत. म्हणून सुरक्षा भांडारात या फाइलवर मुदत घातलेली असते. ती उलटली की ॲप्ट फाइल नाकारतो.

जाहिरातीतल्या 'मिलिटरी दर्जाच्या एन्क्रिप्शन'ला, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात लपवण्याला, भुलणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की इथे पॅकेज लपवलेलंच नाही. ते कुणीही उघडून पाहावं.

सहीवरून फाइल कुणाकडून आली ते कळतं, तिच्या आत काय आहे ते नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकसून ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ती घालणारा त्याच प्रकल्पाची देखभाल करणारा होता, त्यामुळे सह्या तपासून काही हाती लागलं नसतं. एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुसऱ्या संगणकात दुरून शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना खटकलं म्हणून ती उघड झाली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ती तोवर पोचली नव्हती.

एखाद्या गटाला स्वतःचं भांडार उभारायचं असेल, तर साधा वेब सर्व्हर पुरतो. गुप्त किल्ली मात्र त्या सर्व्हरवर ठेवू नये. सही वेगळ्या संगणकावर करून फाइली मग वर चढवाव्यात.