निळी पडलेली धार

ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी द्राक्षपट्ट्यात छाटणीच्या कात्र्या धारेला निघतात. पुष्कळदा त्या थेट बेंच ग्राइंडरला लावल्या जातात. ठिणग्या उडतात, कडेवर निळी-जांभळी झाक येते आणि ‘पाणी चांगलं चढलं’ असा समज होतो. घडतं ते नेमकं उलट. निळ्या पट्ट्यातलं पाणी, म्हणजे पोलादाला तापवून-थंड करून दिलेला कठीणपणा, उतरलेलं असतं.

पोलाद म्हणजे कार्बन मिसळलेलं लोखंड, हे शाळेत शिकलेलं असतं. पात्याच्या पोलादात कार्बन साधारण 0.5 ते 0.9 टक्के. पातं 800 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बनचे अणू तिच्यात सामावतात. मग ते तेलात किंवा पाण्यात झटकन थंड केलं, तर लोखंड जुन्या मांडणीकडे परतू लागतं, पण कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. अडकलेल्या कार्बनमुळे स्फटिकाची चौकट एका दिशेने ताणलेली राहते. ही रचना म्हणजे मार्टेन्साइट. ती फार कठीण असते आणि तितकीच ठिसूळ. म्हणून पातं पुन्हा 200 अंशांच्या आसपास तापवतात. थोडा कार्बन अतिसूक्ष्म कार्बाइड (लोखंड-कार्बनच्या संयुगाच्या) कणांच्या रूपाने बाहेर येतो, ताण सैलावतो आणि कठीणपणा फारसा न गमावता चिवटपणा मिळतो. 0.8 टक्के कार्बनचं पोलाद या टप्प्यावर कठीणपणाच्या रॉकवेल-सी मापनात साधारण साठीला असतं. तेच 400 अंशांवर नेलं तर पन्नाशीपर्यंत उतरतं. कार्बन निसटत जातो, तसा कठीणपणाही.

ग्राइंडरचं 150 मिलिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला 2800 फेरे घेत असेल, तर त्याचा काठ सेकंदाला 22 मीटर वेगाने पात्यावर घासतो. उष्णता धारेपाशी तयार होते, आणि तिथे धातू इतका पातळ असतो की ती पसरायला जागाच नसते. जाड भाग हाताला जेमतेम कोमट लागतो, तोवर धार जळालेली असते.

रंग येतो तो लोह-ऑक्साइडच्या थरामुळे. थराची जाडी काही दशक नॅनोमीटर असते. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणाऱ्या प्रकाशलहरींचं व्यतिकरण होतं (त्या एकमेकींना वाढवतात किंवा पुसतात), पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर होतं तसंच. साध्या कार्बन पोलादावर फिकट पिवळा रंग 220 अंशांच्या आसपास, तपकिरी 260 आणि निळा 300च्या आसपास दिसतो. हे आकडे सावकाश तापवण्याचे आहेत. ग्राइंडरवर दोन-चार सेकंदांत निळा आला, तर तापमान याहून बरंच वर गेलेलं असतं. स्प्रिंग मुद्दाम निळ्या रंगापर्यंत तापवतात, कारण तिला लवचीकपणा हवा असतो. छाटणीच्या पात्याला तो या किमतीत परवडत नाही.

निळं पातं पाण्यात बुडवून काही साधत नाही. पुन्हा पाणी द्यायचं तर आधी ते लाल तापवावं लागेल. पॉलिश पेपरने रंग जातो, मऊपणा तसाच राहतो. निळा भाग गारच घासून काढणं हा एक उपाय, पण त्याने पातं अरुंद होऊन समोरच्या आकड्याशी, म्हणजे काडी धरणाऱ्या बिनधारेच्या वाकड्या जबड्याशी, फट पडू शकते. तसं झालं तर पातं बदलावं.

आपोआप धार येण्याच्या कल्पनांनाही याच शास्त्रात उत्तर आहे. पिरॅमिडखाली ठेवलेलं दाढीचं पातं पुन्हा धारदार होतं, या दाव्यावर 1959 साली चेकोस्लोव्हाकियात पेटंटसुद्धा दिलं गेलं. पेटंट मिळालं म्हणजे दावा सिद्ध झाला, असं नाही. खोलीच्या तापमानाला लोखंडाचे अणू जागा सोडून धार घडवायला येत नाहीत.

धार हातानेच लावावी. कात्री उघडून साबणाच्या पाण्याने चीक काढा. तिरप्या बाजूवर मार्करने रेघोट्या मारा. 400 ग्रिटच्या (ग्रिटचा अंक जितका मोठा, तितका दगड बारीक) ओल्या दगडाने मुळाकडून टोकाकडे, मूळचा कोन सांभाळून, एकाच दिशेने घासा. शाई सगळीकडून सारखी गेली तर कोन बरोबर आहे. फक्त धारेजवळची शाई गेली तर हात जास्त उचलला जातोय. सपाट बाजूवर बोट धारेकडून बाहेर हलकेच सरकवल्यावर बारीक खरखर लागली, की थांबा. ही वळलेली कडा, वर्कशॉपातली ‘बर’, म्हणजे दोन्ही पृष्ठं टोकाशी मिळाल्याची खूण. मग 1000 ग्रिटचे काही हात द्या आणि सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून एक-दोनदाच फिरवा. सपाट बाजूला जरासा जरी कोन दिला, तरी पातं आकड्यापासून दूर राहतं आणि साल चिरण्याऐवजी चेंगरते. आकड्याला धार लावू नये.

नट इतका आवळा की पातं डुगडुगणार नाही, पण अडकणारही नाही. धार लावूनही काडी पातं आणि आकडा यांच्यामध्ये आडवी अडकत असेल, तर दोष बहुधा सैल नटाचा असतो.

तेल्या रोग लागलेल्या डाळिंबबागेत कात्री निर्जंतुक करण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवावी लागते. त्यातल्या क्लोरीनमुळे पोलादाला सूक्ष्म खड्डे पडतात, आणि धारेवरचा खड्डा म्हणजे दातराच. म्हणून दिवसाचं काम संपलं की कात्री साध्या पाण्याने धुवून, कोरडी पुसून, सांध्यात मशीन ऑइलचा थेंब सोडा. जवसाचं तेल सांध्यात नको, ते वाळून चिकट होतं.