टॉवेल कधीच गेलाय की ओ

2025च्या जूनमध्ये सोलापूर-गोवा विमान सुरू झालं तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच जयघोष, "आता सोलापूर जगाच्या नकाशावर!" अहो, आपला टेरी टॉवेल कधीपासून परदेशात जातोय, त्याला विमान लागलंच नाही, तो कंटेनरमधून बंदरावर जातो. 1956 मध्ये अमेरिकेत माल्कम मॅकलीनने 58 कंटेनर एका जहाजावर चढवले आणि माल चढवायचा खर्च टनामागे 5.86 डॉलरवरून 16 सेंटवर आला. समुद्र स्वस्त झाल्यावर गाव केवढं आहे हे गिऱ्हाईक कशाला बघेल?

मग प्रत्येक गावातून माल का जात नाही? खरी गंमत इथंच आहे.

सोलापुरात पूर्व भागातल्या एखाद्या बोळात शिरा. एक जण सूत विकतो, दुसरा रंगवतो, तिसरा बीम (उभे धागे गुंडाळायचा रूळ) भरून देतो, चौथ्याकडे चारच माग, शेजारच्या घरात शिलाई चालू. चार मागवाल्याला गिरणी उभी करावी लागत नाही, अख्खा बोळच त्याची गिरणी. आता समजा एक माग महिन्यातून एकदा बिघडतो. दहा मागांच्या गावात माग दुरुस्त करणाऱ्या फिटरला महिन्याला दहाच कामं, पोट कसं भरणार, म्हणून तो तिथं राहतच नाही आणि माग बंद पडला की दोन दिवस बंद. तेच पाचशे माग असले की चार-पाच फिटर आरामात जगतात, सुट्या भागांचं दुकान चालतं, माग तासाभरात सुरू, म्हणून नवा माग टाकणाराही तिथंच येतो, म्हणून आणखी फिटर. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलने हे 1890 मध्येच सांगितलं होतं, दुसरा अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन, त्याने पुढं असल्या चक्रांचं गणित बसवलं, 2008 चं नोबेल मिळालं त्याला.

मार्शल आणखी एक म्हणायचा, अशा ठिकाणी कसब हवेतच असतं. टॉवेलचंच बघा. मागावर दोन बीम, एकाचा ताणा (उभे धागे) घट्ट, दुसऱ्याचा सैल. आडवे दोन धागे फणी (आडवा धागा ठोकून बसवणारी कंगव्यासारखी चौकट) अर्ध्यावर सोडते, तिसरा आला की तिन्ही एकदम ठोकते, घट्ट ताणा जागेवर राहतो आणि सैल धागा फुगून वर येतो, तोच टॉवेलचा लूप. सैल म्हणजे किती सैल? हे मागाशेजारी उभं राहूनच कळतं. कारखान्याचा ईशान्य कोपरा मोकळा ठेवून कळत नाही, आणि 2016 च्या स्मार्ट सिटी यादीत पहिल्या वीसात सोलापूरचं नाव आलं म्हणूनही नाही.

मुंबईत एवढ्या मागांना जागा परवडणार नाही, म्हणून हे जमतं ते सोलापूर, इचलकरंजी, तिरुप्पूर असल्या गावांना.

पण हेच चक्र उलटंही फिरतं. आमच्या बोळातला फिटर आता साठीचा आहे. पोरगा पुण्यात आयटीत. मागच्या महिन्यात फिटर आठवडाभर आजारी होता, तर तीन माग तसेच झाकून ठेवलेले.